कोरड्या गल्लीतली होडी

लातूरच्या ज्या गल्लीत पाण्याचा टँकर पाचव्या दिवशी यायचा, तिथं शेषरावकाकांच्या दारात एक होडी उभी होती. खरीखुरी, लाकडी, चार दगडांवर टेकवलेली. मी भाड्यानं खोली बघायला गेलो तेव्हा तिच्यात शेजारणीच्या मिरच्या वाळत होत्या. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिलो.

"बगून काय राहिलास? बोट हाय," काका म्हणाले. "गाव कोणतं तुजं?"

"कोकणातलं. संगमेश्वराकडचं."

"कोकण! म्हंजे दर्यावर्दी गडी. सामान घेऊन ये. खोली तुजी."

आता खरं सांगतो. मी सातवीतून शाळा सोडलेला शिंपी. आमचं गाव डोंगरात. समुद्र मी एकदाच पाहिला, तोही एस.टी.च्या खिडकीतून. पोहता येत नाही. पण घरापासून इतक्या लांब डोक्यावर छप्पर मिळत होतं, म्हणून मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची धास्ती मला तीन वर्षं पुरली. खोटं उघडं पडलं की खोली गेली, असंच मी धरून चाललो होतो.

काका नकाशे गिरवायच्या सरकारी कामावर होते. जिल्हा नवा झाला, तसे नकाशेही नवे लागले. प्रत्येक तलाव काका निळ्या शाईनं भरायचे. नकाशात तलाव काठोकाठ, गावात घागरींची रांग. कुणी डिवचलं, "काका, कुठाय तुमचं पाणी?" की उत्तर ठरलेलं, "नकाशात हाय."

एकटा जीव. घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्याच निळ्या शाईत, वळणदार अक्षरात चिठ्ठी. मीठ. साखर. कंदील. घड्याळावर 'घड्याळ'. परसात पाण्याचे दोन ड्रम होते, त्यांच्या झाकणांवर लिहिलं होतं 'बोट'. आपल्या वाट्याच्या पाण्यातून काका त्यात तांब्या-तांब्या साठवायचे आणि स्वतः एक दिवसाआड अंघोळ करायचे.

होडी त्यांनी नांदेडच्या एका म्हाताऱ्या नावाड्याकडून आणली होती. नदीवर पूल झाला आणि त्याचं काम सुटलं. बसायला तिच्यात चार फळ्या. काका संध्याकाळी मागच्या फळीवर बसून चहा प्यायचे आणि मला पुढच्या फळीवर बसवायचे. दोन फळ्या रिकाम्या राहायच्या. "सांग, वारा कुठला?" ते विचारायचे. मी समोरच्या दोरीवरचं धोतर बघून काहीतरी ठोकून द्यायचो.

तिसऱ्या उन्हाळ्यात सुमनला, माझ्या बायकोला, मुलगी झाली. माहेर लांब, म्हणून बाळंतपण इथंच. घरात बाळंतीण आणि गल्लीत थेंब नाही, मी पार हबकून गेलो. पण आमचा रांजण रोज सकाळी भरलेला असायचा. शेजारणी भरत असतील, असं आम्ही दोघं समजत होतो.

त्याच दिवसांत काकांनी नांदेडजवळच्या विष्णुपुरीचा बेत काढला. तिथं गोदावरीला बांध घातलाय आणि मागं पाणी होतं. मंडपाच्या लाल-पिवळ्या कापडाचं शीड मीच शिवलं. निघायच्या आठ दिवस आधी काकांनी एकदम विचारलं, "कोकण्या, बोट आदी पाण्यात मुरवावी लागती का रे?"

मला काय ठाऊक! पण दर्यावर्दी माणूस 'माहीत नाही' कसं म्हणणार? "छे! काही गरज नाही," मी ठणकावून सांगितलं.

"बस, मग झालं," म्हणत काकांनी केवढा मोठा सुस्कारा सोडला.

होडी टेंपोत चढली. चाकूरला चहाला थांबलो तर ही गर्दी. एक फेटेवाले आजोबा होडीला हात लावून म्हणाले, "आता पूर येनार हाय का काय?"

"नकाशात हाय," काका म्हणाले.

विष्णुपुरीला टेंपोवाल्यानं हात दिला, होडी पाण्यात गेली. वारा आला. ते मंडपाचं शीड टम्म फुगलं आणि आम्ही चक्क निघालो! काका फळीवर उभं राहून ओरडले, "चालली रे, चालली!" मी डोळे मिटून कुलदैवताला हाक मारत होतो.

पाय ओले झाले म्हणून डोळे उघडले. तीन उन्हाळे वाळलेल्या लाकडात करंगळी जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या आणि प्रत्येक फटीतून गोदावरी आत येत होती. काका तांब्यानं पाणी उपसायला लागले.

"कोकण्या, बोल, आता काय करायचं?"

"काका, मला काही येत नाही!" मी रडकुंडीला आलो. "मी डोंगरातला आहे. मी कधी होडीत बसलेलो नाही. मला पोहतासुद्धा येत नाही!"

"ठावं हाय," काका तांब्या न थांबवता म्हणाले. "आलास त्याच हप्त्यात तुजं गाव नकाशात बगितलं. कुठं तू अन् कुठं दर्या!"

तेवढ्यात होडी खाली बसली. मी किंचाळलो आणि पाय जमिनीला टेकले. पाणी छातीपर्यंत होतं.

"घाबरू नगंस," काका म्हणाले. "काल येऊन काठीनं मोजून गेलो मी."

"मग मुरवायची का ते मला कशाला विचारलंत?"

काका शिडाकडे बघत राहिले. "नावाड्यानं सांगितलं होतं, आठ दिवस पोती भिजवून घाल, फळ्या फुगतील. त्याच्यासाठीच पाणी धरलं होतं. पण तुज्या घरी लेकरू आलं. कुनीतरी 'गरज न्हाई' म्हनायला पायजे होतं. तू म्हनलास. लई बरं वाटलं."

मी तोंडावरचं पाणी पुसलं.

"आता बोटीचं काय?" मी विचारलं.

"बुडली न्हाई ती. भिजत घातलीय." काकांनी डोलकाठी थोपटली. "फुगली की सुमनला अन् लेकराला घेऊन येऊ. फळ्या चार हायत."

परतताना चाकूरला ते आजोबा तिथंच. "बोट कुठं गेली?" त्यांनी विचारलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मीच म्हणालो, "भिजत घातलीय."

घरी आल्यावर आधी परसात गेलो. दोन्ही ड्रम कोरडे ठणठणीत. झाकणावरच्या 'बोट' या अक्षरांवर निळ्या शाईची सरळ, पट्टीनं मारलेली रेघ होती. खाली तेच वळणदार अक्षर: 'बाळ'.