चन्नप्पा आकाशात असताना

चन्नप्पा कुवेतला वेल्डर म्हणून जायला रात्रीच्या मुंबई गाडीनं निघाला आणि नागम्मानं केरसुणी दाराआड ठेवून दिली. घरातलं माणूस प्रवासाला गेलं, की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हा तिचा नियम. अडचण एवढीच, की त्याच संध्याकाळी त्याला निरोप द्यायला बावीस माणसं आली होती आणि बाविसांनीही शेंगा फोडून खाल्ल्या होत्या. सकाळी घरात पाऊल टाकावं तिथं टरफलं कुरकुरत होती.

सव्वादहाला गुरुबसप्पांनी घड्याळ पाहिलं. होटगी स्टेशनात तीस वर्षं काढलेला माणूस. मुलाच्या तिकिटावरच्या वेळा त्यांनी कागदावर उतरवून घेतल्या होत्या : मुंबई नऊ, कुवेत सव्वादहा.

"पोचला बघ पोरगा! सव्वा तास."

"एवढंच? पलीकडच्या कुंभारीला जायाला बी एवढा येळ लागतोय की!"

"यष्टी थांबत थांबत जाती. इमान मधी कुटं थांबतंय?"

हे नागम्माला पटलं. पदर खोचून तिनं सगळं घर झाडलं आणि टरफलं गल्लीच्या कचराकुंडीत टाकली. तेवढ्यात मुलगी दाक्षायणी आतून ॲटलास घेऊन आली. ती बी.एस्सी. झालेली. नकाशावर दोरा ताणून तिनं अंतर मोजलं होतं.

"अप्पा, पावणेतीन हजार किलोमीटर आहे. सव्वा तासात जायचं तर आवाजालाही मागं टाकावं लागेल. अहो, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं! तिथले सव्वादहा म्हणजे आपले पावणेएक."

"एका गाडीला दोन घड्याळं?" गुरुबसप्पा चिडले. "असलं टाइमटेबल कोण छापतंय?"

"मंग आत्ता कुटं हाय त्यो?" नागम्मानं विचारलं.

दाक्षायणीनं दोऱ्याच्या मध्यावर बोट ठेवलं. तिथं सगळं निळं होतं.

"अगं बाई! पोरगं समुद्रावर, अन् मी मागनं घर झाडलं!"

उपाय एकच होता. नागम्मा सूप घेऊन कुंडीकडं धावली. पण तोवर शेजारच्या रत्नम्मानं वर कांद्याची सालं ओतली होती.

"नागम्माक्का, माझा कचरा कुटं नेताय?"

"तुझा न्हाय गं, माझा परत नेतीय!"

शेवटी दाक्षायणीनं दारात बसून कांदा आणि शेंग वेगळी केली. टरफलं पुन्हा घरभर पसरली. पावणेएकपर्यंत तिघंही त्यांतून जपून चालत होती. मग नागम्मानं घर दुसऱ्यांदा झाडलं आणि तेव्हा कुठं ताटं वाढली.

तिसऱ्या दिवशी तार आली : पोचलो. विमान मुंबईतच सहा तास लेट.

"लेट?" गुरुबसप्पांचा चेहरा उजळला. "म्हंजे आमच्या गाड्यांसारकंच की!"

"दोनी बारीला झाडलं तवा पोरगं जमिनीवरच हुतं," म्हणत नागम्मानं देवापुढं साखर ठेवली.

दाक्षायणीचा हिशेब मात्र केव्हाच झाला होता : विमान आपल्या घड्याळानं तीनला उडालं, पावणेसातला उतरलं. आणि त्याच दिवशी साडेचारला टेबलाखालची पेन्सिलची सालं आणि दोऱ्याचे तुकडे तिनं स्वतः झाडून काढले होते.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. असल्या गोष्टींवर तिचा विश्वासच नव्हता. फक्त पुढच्या वर्षी चन्नप्पा रजा संपवून परत निघाला, तेव्हा घरातली केरसुणी कुणालाच सापडेना. पोचल्याची तार आली आणि ती दाक्षायणीच्या कपाटात, ॲटलासच्या मागं सापडली.