शिल्लक आठशे वीस ग्रॅम

त्रिंबकच्या धनश्रीला प्रवासासाठी एक हलकी बॅग घ्यायची होती. मूळ बाब एवढीच. ती एवढीच राहिली असती तर महसूल खात्यातल्या चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर मला पुन्हा टेबलाशी बसावं लागलं नसतं, आणि त्रिंबकच्या गिरणीला आज जी अवकळा आली आहे तीही आली नसती. केजमध्ये लोक म्हणतात, सगळं राधाकिशननं केलं. राधाकिशन म्हणजे मी, सेवानिवृत्त अव्वल कारकून. मी काहीही केलेलं नाही, मी फक्त नियम लावले.

प्रकरण असं आहे. धनश्री इंजिनियर झाली. बेंगळुरूच्या एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं आणि पुण्याहून विमानाचं तिकीटही पाठवलं. तिकीट स्वस्तातलं. त्यावर सामान एकच, तेही विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावेल असं, आणि वजन बॅगेसकट सात किलो. पोरगी चिकित्सक. तिनं पंधरा दिवस मोबाईलवर बॅगा पाहिल्या, बीडला जाऊन तीन दुकानं हिंडली, लांबी-रुंदी टेपनं मोजली. शेवटी दोन बॅगा उरल्या. एक दीड किलोची, चाकांची, दिसायला भारदस्त. दुसरी निळी, फक्त सहाशे ऐंशी ग्रॅमची. हिचे पट्टे आत सरकवले की ती हातातली, बाहेर काढले की पाठीवरची, आणि आडवा पट्टा अडकवला की खांद्यावरची. धनश्रीनं निळी घेतली आणि ती थेट बापाच्या पिठाच्या गिरणीत आणली, कारण तिथं दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे.

तिथंच चूक झाली. बॅग काट्यावर ठेवून ती म्हणाली, "पप्पा, बॅग जितकी हलकी, तितकं सामान जास्त नेता येतं." हे वाक्य घरात बोलायचं असतं. ती ते दळण घेऊन बसलेल्या नऊ माणसांसमोर बोलली.

छबुबाईंचा मुलगा हनुमान बेंगळुरूत कसल्याशा कंपनीत आहे. त्यांनी ज्वारीचा डबा खाली ठेवला आणि विचारलं, "त्या दुसऱ्या बॅगेपरीस हिच्यात किती वाचलं गं?"

"आठशे वीस ग्रॅम, काकू."

"मग त्याच्यात माझ्या हनुमानचे डिंकाचे लाडू बसतेत की. लई वाळलाय पोरगा."

मग एकेकाला आठवायला लागलं की बेंगळुरूत आपलंही कुणी ना कुणी आहे. ज्यांचं कुणी नव्हतं त्यांना ते दोन दिवसांत सापडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिंबकच्या ओट्यावर सतरा पिशव्या होत्या आणि पिशव्यांचे मालक एकमेकांच्या अंगावर जात होते. मला बेशिस्त सहन होत नाही. स्वभावच आहे तो, घरी विचारा. मी सगळ्यांना शांत केलं आणि समजावून सांगितलं की या पोरीनं दीड किलोची बॅग घेतली असती तरी ती बेंगळुरूला गेलीच असती. म्हणजे हे आठशे वीस ग्रॅम तिच्या गरजेचे नव्हेत, ते शिल्लक आहेत. आणि शिल्लक ही कुणा एकाच्या घरची नसते, तिचं रीतसर वाटप व्हावं लागतं. लोकांना हे एकदम पटलं.

धनश्री म्हणाली, "काका, पण बॅग माझी हाय ना?"

"बॅग तुझीच आहे," मी म्हणालो. "बॅगेबद्दल कुणाचाही आक्षेप नाही."

त्रिंबक गप्प होता. गिरणीवाल्याला गप्प बसावंच लागतं, समोरचा प्रत्येक माणूस गिऱ्हाईक असतो.

मी साध्या कागदावर अर्ज मागवले. वस्तूचं नाव, वजन, ज्याला पोचवायची त्याचा पत्ता, आणि सोबत तो वाळल्याचा पुरावा. पुराव्यासाठी दोन फोटो लागत, एक गावात असतानाचा आणि एक अलीकडचा. कुणाचीही अडवणूक करायचा हेतू नव्हता, पण गरजू कोण आणि हौशी कोण हे कळायला काही निकष नको का? शहजादीभाभींची अनिसा अलीकडच्या फोटोत चांगली गुबगुबीत दिसली, म्हणून अर्ज परत केला. दुसऱ्या दिवशी भाभी तिच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या. हिमोग्लोबिन साडेआठ. मी तिथल्या तिथं तीनशे ग्रॅम खजूर मंजूर केला. नियमाला माणुसकी असते, फक्त ती कागदावर आणून द्यावी लागते.

धनश्रीची आई वनमालावहिनी. त्यांनी लेकीला वाटेत खायला दशम्या केल्या होत्या, चारशे ग्रॅम. त्या मला जड अंतःकरणानं परत कराव्या लागल्या. प्रवासी स्वतः लाभार्थी होऊ शकत नाही, हे तत्त्व एकदा मोडलं की वाटपाला अर्थच उरत नाही. माझी स्वतःची दोनशे ग्रॅम शेंगदाण्याची चटणी होती, पुतण्यासाठी. ती मी अर्जात धरली नाही, प्रशासकीय खर्चात धरली.

आठशे वीस ग्रॅम दोन दिवसांतच संपले. अर्ज एकोणतीस होते. अशा वेळी दोनच मार्ग असतात, मागणी कमी करायची किंवा साधन वाढवायचं. मागणी कमी करणं आपल्याकडे कुणाला जमलेलं नाही, म्हणून मी ती निळी बॅग घेतली आणि स्टँडजवळच्या फिरोजभाईंकडे गेलो. फिरोजभाई बॅगांना चेन बसवतात, चपला शिवतात. धनश्रीही मागोमाग आली.

"ही बॅग तीन प्रकारे धरता येते," मी त्यांना म्हणालो. "माणूस एक. मग दोन प्रकार जादा झाले की नाही?"

फिरोजभाईंनी बॅग उलटीसुलटी करून पाहिली. "भाऊ, पाठीवरचे पट्टे काढले तर पोरीनं वज्जं घ्यायचं कसं?"

"हातात. हात दोन आहेत तिला."

"पोरगी चाललीय का पार्सल चाललंय, हे एकदा नक्की करा," ते म्हणाले. धनश्रीकडं बघत त्यांनी कात्री उचलली, पण चालवली नाही. शेवटी पट्टे मीच कापले. आडवा पट्टा एकशे वीस ग्रॅम, पाठीवरचे दोन पट्टे स्पंजासकट एकशे ऐंशी, आतला कप्पा साठ. बॅग तीनशे वीस ग्रॅमवर आली. पंधरा दिवस हिंडून पोरीनं इतकी हलकी बॅग शोधली नव्हती, पण तिनं मला आभाराचा एक शब्द म्हटला नाही.

तेवढ्यात आश्रुबांचा निरोप आला. आश्रुबा म्हणजे आमचे पुढारी, तीन निवडणुका लढले आहेत, चौथीची तयारी चालू आहे. आपल्या भागातली चार मतं बेंगळुरूत नोकरीला आहेत, त्यांना आश्रुबांच्या फोटोची चार कॅलेंडरं पोचवायची होती. खालीवर पत्र्याची पट्टी असलेली, सहाशे ग्रॅम. वाळल्याचा पुरावा मागायची सोय नव्हती. मी ती सार्वजनिक महत्त्वाची बाब म्हणून नोंदवली.

आता मात्र धनश्रीच्या स्वतःच्या सामानाचा आढावा घेणं भाग पडलं. दोन ड्रेसपैकी एक अंगावर जाणार, तो वजनात येत नाही. दुसरा कशाला हवा, मुलाखत एकदाच आहे. बूट घालूनच जायचे, चप्पल रद्द. टॉवेल तिकडं मिळतो. अभ्यासाची वही तिनं छातीशी धरून ठेवली होती. "पाठ नाही का झालं अजून?" असं मी विचारल्यावर तिनं ती ओट्यावर ठेवून दिली.

उरली फाईल. ती काट्यावर ठेवली तर एक किलो शंभर. त्रिंबकनं लेकीचा दहावीपासूनचा एकेक कागद हौसेनं जाड प्लास्टिकमध्ये बसवून घेतला होता. सगळे त्या आकड्याकडं बघायला लागले. अकरा अर्ज अजून शिल्लक होते.

"मोबाईलवर फोटो काढून घे," मी म्हणालो. "फोटोला वजन नसतं."

"काका, पत्रात लिहिलंय, मूळ कागद आणा म्हणून."

"असं लिहायची पद्धत असते. चौतीस वर्षं मीच लिहीत आलो. मूळ कागद बघतो कोण?" मी स्वतः मूळ कागद पाहिल्याशिवाय कुणाचा अर्ज कधी पुढं सरकवला नाही, पण तो भाग वेगळा.

पोरीचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, ते मी नाकारत नाही. ती बापाकडं बघत होती आणि बाप गिऱ्हाइकांकडं बघत होता. शेवटी तो हळूच म्हणाला, "बाळा, फोटो नीट काढ. उजेडात काढ." आणि त्यानं फाईल काट्यावरून उचलून घरात नेऊन ठेवली.

मंगळवारी पुण्याच्या विमानतळावर बॅगेचं वजन बरोबर सात किलो भरलं. एक ग्रॅम इकडं नाही की तिकडं नाही. आमच्या खात्यात इतकं अचूक काम झालेलं माझ्या पाहण्यात नाही. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत ती पट्टे नसलेली बॅग दोन हातांनी धरून धनश्री चौदा पत्त्यांवर फिरली, आणि बुधवारी सकाळी मुलाखतीला वेळेवर हजर झाली. हेही चोख काम म्हणायला पाहिजे.

बुधवारी दुपारी तिचा फोन आला. त्रिंबकचे हात पिठाचे होते, म्हणून त्यानं फोन डब्यावर ठेवून स्पीकरवर लावला. गिरणीत आम्ही सात-आठजण होतो. मुलाखत छान झाली, ती म्हणाली. साहेबांनी काम समजावूनही सांगितलं. पण कागद तपासणाऱ्या बाईंनी मोबाईलमधले फोटो बघितलेच नाहीत. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मूळ कागद टेबलावर पाहिजेत, नाहीतर यादीतलं पुढचं नाव घेणार. एवढं सांगताना तिचा आवाज दोनदा फाटला.

छबुबाई पुढं सरकल्या आणि फोनवर वाकल्या. "धनू, आमच्या हनुमानला लाडू भेटले का गं? तेवढं सांग."

"भेटले काकू," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

कुरिअरवाला चार दिवस म्हणाला. तेव्हा त्रिंबकनं गिरणीचं बटण बंद केलं, हात धुतले, घरातून फाईल आणली आणि स्टँडची वाट धरली. चारच्या एसटीनं पुणे, तिथून पुढं बेंगळुरूची ट्रॅव्हल्स. एवढा लांबचा प्रवास त्यानं आयुष्यात केला नव्हता. मला त्याचं कौतुक वाटलं, आणि एक गोष्ट तत्काळ माझ्या ध्यानात आली. विमानाला सात किलोची अट होती, एसटीला नाही.

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही, फक्त छबुबाईंना सांगितली. पाऊण तासात स्टँडवर सव्वीस पिशव्या, दोन पत्र्याचे डबे आणि ज्वारीचं अर्धं पोतं जमा झालं. आधी नामंजूर झालेले सगळे अर्जदार आले होते, आणि मी सुधारित यादी घेऊन आलो होतो. या वेळी कुणालाही परत पाठवायची गरज नव्हती, इतकं निर्दोष वाटप मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

त्रिंबक एसटीच्या दारात फाईल छातीशी धरून उभा होता. त्यानं पिशव्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"एक बी घेणार न्हाई, भाऊ," तो म्हणाला.

छबुबाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "आरं, आता तर वजनाची अट बी न्हाई. मग कावून न्हाई म्हणतूस?"

"काकू, फाईल दोन हातानं धरायचीय."

कंडक्टरनं घंटी दिली. आम्ही सगळे सव्वीस पिशव्यांसह स्टँडवर उभे राहिलो. इतका अपमान मला नोकरीतसुद्धा कुणी केला नव्हता.

धनश्रीला नोकरी लागली. हे आम्हाला बरंच उशिरा कळलं, कारण त्या दिवसापासून गल्लीनं त्रिंबककडं दळण टाकणं बंद केलं आहे. ठरवून नव्हे, आम्ही तशातले नाही. ज्याचं त्याला वाईट वाटलं, एवढंच. हल्ली आम्ही पार बायपासजवळच्या गिरणीत जातो. एक किलोमीटर चालावं लागतं, पीठ भरड येतं, भाकरी थापताना चिरते. पण लेकीला नोकरी लागली म्हणून बाप इतका माजावा, हे काही बरोबर नाही.

तुम्ही त्रिंबकच्या बाजूचे असणार. वाचणारे सगळे त्याच्याच बाजूचे असतात, मला त्याचं काही वाटत नाही. मी कारकून माणूस, एवढी एकच माहिती भरून द्या म्हणतो. गेल्या खेपेला तुमच्या ओळखीचं कुणी पुण्या-मुंबईला निघालं होतं, आणि "अगदी छोटासा डबा आहे" म्हणत तुम्ही तो त्याच्या हातात दिलात. डब्यात काय होतं, ते तुम्हाला आठवतं. डबा पोचला का म्हणून दोनदा फोन केलात, तेही आठवतं. तो माणूस तिकडं कशाला चालला होता?