चित्र कंपनीचं, आवाज बंकटकाकांचा

आमचे शेजारी बंकटकाका दिसेल त्या गोष्टीचं धावतं समालोचन करतात. सकाळी मी स्कूटी काढायला लागले की कंपाउंडच्या भिंतीवरून विचारणा होते, “आवाज येऊन राहिला ना?” मी उत्तर देत नाही. मला सातच्या बॅचला केमिस्ट्री शिकवायची असते आणि त्या वेळी मला कुणाशीच बोलायचं नसतं. काका उत्तराची थोडी वाट बघतात आणि मग नाइलाजानं सुरू करतात.

“तर मंडळी, म्याडम मैदानात उतरून राहिल्या. किक मारली. गाडी न्हाई म्हणून राहिली. दुसरी किक. म्याडम लाल, गाडी थंड. लई चुरस हाय बगा.”

समोरच्या हॉस्टेलच्या तिन्ही मजल्यांवरची पोरं तोंडात ब्रश धरून ऐकत असतात. गाडी सुरू झाली की टाळ्या पडतात. याच पोरांना तासाभरानं मी दटावून मोल संकल्पना शिकवायची, म्हणजे कल्पना करा.

लातूरच्या क्लासेसच्या भागात आम्ही राहतो. इथं भिंत दिसली की तिच्यावर फ्लेक्स लागतो आणि फ्लेक्सवर नंबरात आलेल्या पोरांचे फोटो. न आलेल्या पोरांचे फोटो कुठंच नसतात, आणि तीच पोरं जास्त असतात.

काका मूळचे केबलवाले. भूकंपात किल्लारीकडचं त्यांचं गाव गेलं तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. अंगावरच्या कपड्यांनिशी लातूरला आले आणि गच्च्यांवरून वायरी टाकत फिरले, असं काकू सांगतात. केबलवर एक चॅनल त्यांचं स्वतःचं होतं. गणपतीची मिरवणूक, पोळा, नगरपालिकेची सभा, लग्नं, सगळं थेट, आणि सगळ्यावर काकांचा आवाज. एका लग्नात वधूच्या मामांचं आतल्या खोलीतलं भांडण त्यांनी मांडवात बसून इतकं रंगवलं की भांडणारेच ऐकायला बाहेर आले.

पुढं डिश आली, मोबाईल आला, केबल आटली. समोरच्या हॉस्टेलच्या मेसवरचं एक लांबट ऑफिस तेवढं उरलं. रविवारी टेस्ट झाली की मेसची पोरं त्या जिन्यात बसून मोबाईलवर ती मारामारीची गेम खेळायची. विमानातून उड्या टाकायच्या, हत्यारं गोळा करायची, आणि शेवटपर्यंत जो जगेल तो जिंकला. एका रविवारी काका त्यांच्या खांद्यावरून डोकावले.

“हे काय चालू हाय?”

“म्याच चालू हाय काका.”

“मंग समालोचन कोण करून राहिलंय?”

कुणीच करत नाही म्हटल्यावर त्यांना ते सहन झालं नाही. पुढच्या रविवारपासून ऑफिसात बंकट चषक सुरू झाला. ज्या त्या तालुक्याच्या पोरांनी आपापली टीम करायची. लोहा लायन्स, बिलोली बुलेट, हिमायतनगर हंटर्स अशी नावं पोरांनीच ठेवली. नांदेडकडची पोरं इथं ढिगानं असतात. जिंकणाऱ्यांना मेसमध्ये पोटभर गुलाबजाम, आणि फेटा बांधून फ्लेक्सवर फोटो. नीटच्या परीक्षेत नंबरात आलेल्यांच्या शेजारी, तेवढ्याच उंचीवर. काकांचा तो हट्टच होता.

मी पोरांना रागवायला म्हणून वर गेले आणि खुर्ची ओढून बसले, हे कबूल केलं पाहिजे. गेममध्ये मैदानाचा गोल हळूहळू लहान होत जातो आणि बाहेर राहील तो मरतो. काका म्हणत होते, “शेजाऱ्यानं बांध कोरायला सुरुवात केली मंडळी. लोह्याची दोन पोरं पाणंदीत अडकली. बिलोलीचा परमेश्वर ज्वारीत दडी मारून बसलाय. ए परमेश्वर, खोकू नको रे. त्याची आई बघत असंल घरी. माय, फिकीर करू नका, पोरगं खुशाल हाय, आजून कुणाला घावलं न्हाई.” माझ्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. परमेश्वर माझ्या बॅचचा. तीन टेस्टमध्ये त्याचा क्रमांक शेवटून पहिला होता, आणि त्याचं पूर्ण नाव, गाव, आईचं नाव मला त्या दिवशी कळलं.

काका हे सगळं यूट्यूबवर आणि उरल्यासुरल्या केबलवर थेट दाखवायचे. दोन वर्षं सुरळीत गेली. तिसऱ्या वर्षी, फायनल तोंडावर असताना, कंपनीची नोटीस आली. ज्यांनी गेम बनवली ती कंपनी. काका फोन घेऊन भिंतीपाशी आले.

“म्याडम, इंग्रजीत रागवून राहिलेत का कौतुक करून राहिलेत, तेवढं सांगा.”

रागवून राहिले होते. गेम कंपनीची, पडद्यावरचं चित्र कंपनीचं, गेमचा आवाज, नाव, चिन्ह सगळं कंपनीचं. मोठी लीग कंपनीच भरवते आणि ती दाखवायचा हक्क तिनं एकाच चॅनलला दिलेला आहे. बाकी कुणी स्पर्धा घ्यायची तर कंपनीच्या अटींवर, आणि विनापरवाना प्रक्षेपण बंद. पुन्हा दिसलं तर चॅनल कायमचं जाणार, जुन्या सगळ्या मॅचेससकट.

काका भिंतीवर हात टेकून विचारात पडले. “कबड्डीचा मालक कोण हाय?”

“कुणीच नाही.”

“कुस्तीचा?”

“कुणीच नाही, काका.”

“मंग ह्याचाच कसा काय? खेळून राहिले आमचे पोरं, अंगठे दुखून राहिले आमच्या पोराचे, अन् म्याच त्यांची?”

मी समजावलं, कारण हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. मी आधीच्या क्लासमध्ये असताना त्यांनी माझे तास रेकॉर्ड केले. तो क्लास सोडला, तरी मी तिथं अजून शिकवते आहे, त्यांच्या ॲपवर, हिरव्या साडीत. त्या तासांचे मालक ते. पोरं मला तोंडावर सांगतात, “मॅडम, तिकडं तुम्ही जास्त छान शिकवता.”

“म्हंजे तुमालाबी कोरलंय,” काका म्हणाले आणि पहिल्यांदाच समालोचन न करता घरात गेले.

पण स्वस्थ बसतील तर ते काका कसले. आमच्याकडं कुणी हरकत घेतली की त्याचा फोटो फ्लेक्सवर टाकतात. फोटो लागला की माणूस पाघळतो, पुढं हरकत घेत नाही, असा इथला अनुभव आहे. काकांनी कंपनीच्या मोठ्या साहेबांचा फोटो इंटरनेटवरून काढला. फ्लेक्सवाल्यानं सवयीनं त्यांच्या डोक्यावर फेटा चढवला आणि कपाळाला नाम ओढला. वर कंपनीचं चिन्ह, खाली “मालकांचे लातूर नगरीत सहर्ष स्वागत”, कोपऱ्यात मेसवाला आणि खताचा दुकानदार हात जोडून. एवढ्यावर न थांबता काकांनी त्या फ्लेक्सचा फोटो कंपनीला मेलवर पाठवला आणि खाली लिहिलं, शाल-श्रीफळ तयार आहे, कधी येता?

साहेब पाघळले नाहीत. विनापरवाना चिन्ह वापरलं, कंपनीचा पाठिंबा असल्याचा भास निर्माण केला, असं उत्तर आलं. शेवटची ताकीद.

“फेटा चांगला न्हवता का बसला?” काकांनी मला खरोखरच विचारलं.

फायनल बिलोली विरुद्ध लोहा होती. परमेश्वरच्या आईनं गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पोरांनी खोलीत बसून खेळायला कुणाची मनाई नव्हती, पण घरच्यांपर्यंत पोचायचं कसं? काकांना झोप लागेना. शुक्रवारी ते भिंतीपाशी आले. “म्याडम, ते कागद पुन्हा वाचा. चित्र त्यांचं. गेमचा आवाज त्यांचा. माझ्या आवाजाचं काही लिवलंय का?”

मी पुन्हा पुन्हा वाचलं. काकांच्या आवाजाबद्दल कंपनीनं काहीच लिहिलं नव्हतं.

रविवारी काकांनी कॅमेरा भिंतीकडं वळवला. पोरांच्या फोनचे आवाज बंद. गेमचं नाव घ्यायचं नाही, चिन्ह दाखवायचं नाही. पडद्यावर फक्त ऑफिसची पोपडे आलेली भिंत आणि तिच्यावर एक पाल. काकांनी माईक हातात घेतला. “आवाज येऊन राहिला ना?” खाली कमेंटी पडायला लागल्या, येऊन राहिला, येऊन राहिला, आणि एक, पालीचा परवाना काढला का?

मग काका सुटले. चित्र नव्हतं म्हणून त्यांनी वारासुद्धा सांगितला. कोण वाकलं, कोण धापा टाकतंय, कुणाचा अंगठा घामानं घसरला, सगळं. गोल लहान झाला, लोह्याचे तीन, बिलोलीचे दोन. आम्ही सगळे उभे होतो. आणि लाईट गेली.

पोरांच्या फोनवर मॅच चालूच होती, पण काकांचं नेट आणि माईक दोन्ही मेले. मी माझा फोन पुढं केला, चॅनल त्यावर जोडलं. “बोला काका, लवकर.”

“आवाज येऊन राहिला ना?” काकांनी विचारलं.

कमेंट नाही. बिलोलीचा एक पडला. “अहो काका, बोला ना,” मी ओरडले. पोरं ओरडली. काका गप्प. फोन दोन्ही हातांनी धरलेला. इतका भेदरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात पडद्यावर परमेश्वरच्या आईच्या नावानं एक ओळ उमटली. येऊन राहिला भाऊ, बोला.

“तर मंडळी,” काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला, “परमेश्वर एकटा हाय, पर खुशाल हाय.” त्यानं तिघांनाही लोळवलं. मेसवाल्यानं पळीनं पातेलं बडवलं. मी पहिल्या बाकावरच्या पोरीसारखी नाचले आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

नंतर जिन्यात गुलाबजाम खाताना मी भांडलेच. “मॅच हातची जात होती, आणि तुम्ही उत्तराची वाट बघत बसलात?”

काकांनी वाटी खाली ठेवली. “भूकंपात मी दबलो होतो म्याडम. अंधार. वरून एक माणूस बोलून राहिला होता. कोण ते ठावं न्हाई. दगड उचकटायला सब्बल न्हवती त्याच्यापाशी, काही न्हवतं. निस्ता सांगायचा. आता लोकं दगड काढून राहिले, आता तुळई सरकली, आता मिल्ट्रीची गाडी दिसून राहिली. अन् मदी मदी इचारायचा, आवाज येऊन राहिला ना? मी तांब्या वाजवायचो. त्याच्यावर जगलो.”

“ते भेटले नंतर?”

“न्हाई. मला काढलं तवर ते दुसऱ्या ढिगाकडं गेलते.” काका वाटीकडं बघत राहिले. “माझी भैन पलीकडच्या खोलीत होती. धाकटी. तिच्या ढिगाऱ्यापाशी बोलायला कुणीच न्हवतं.”

मी माझी वाटी त्यांच्या वाटीशेजारी खाली ठेवली.

सोमवारी सकाळी मी स्कूटी काढली. हॉस्टेलच्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या. भिंतीवर परमेश्वरचा फेट्यातला फोटो लागला होता, नंबरात आलेल्यांच्या शेजारी. पलीकडून विचारणा झाली, “आवाज येऊन राहिला ना?”

मी किक मारायची थांबले. भिंतीपाशी गेले.

“येऊन राहिला, काका,” मी म्हणाले. “बोला.”