परत न ठेवता

काढलेली वस्तू परत जागेवर ठेवावी की नाही, या एका प्रश्नापायी तुमच्या घरी कधी मुलीचं गणित अडलंय का? नसेल अडलं, तर तुमच्या घरात ग्रंथपाल नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या या गृहस्थांची वीस वर्षं वाचनालयात गेली. तिथे भिंतीवर ठळक पाटी आहे, 'काढलेले पुस्तक स्वतः परत ठेवू नये. टेबलावर ठेवावे.' (पाटी त्यांनीच लिहिलेली.) हा नियम ते घरीही इमानेइतबारे पाळत. कात्री घेतली, काम झालं, टेबलावर. कंगवा घेतला, टेबलावर. पुढे ती वस्तू कोणीतरी जागेवर लावेल, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या 'कोणीतरी'शी त्यांचं लग्न झालेलं होतं.

एका संध्याकाळी नववीतली लेक वही घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, हे उद्या मला फळ्यावर सोडवायचंय. मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत, एक तर होईल नाही तर होणार नाही, म्हणजे संभाव्यता अर्धी. वर्ग मला आठवडाभर 'अर्धी' म्हणत होता. या वेळी चुकलं, तर मी तुम्हाला पुन्हा काही विचारणार नाही."

वाचनालयात दिवसाला पन्नास माणसं त्यांना काही ना काही विचारत, पण घरात विचारणारी ही एकटीच उरली होती. (बायकोने विचारणं केव्हाच सोडलं होतं. ती थेट सांगायची.)

"आपण जाणकारालाच विचारू," ते म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप उघडला. आदल्या दिवशीच तो वाचनालयात नेऊन आणला होता. अर्धा तास फुकट गणित समजावणारी एक जागा इंटरनेटवर सापडली, आणि पडद्यावर हेडफोन लावलेल्या एक तरुण ताई आल्या.

लेकीने प्रश्न वाचला. "एका खणात चार निळे आणि सहा काळे मोजे आहेत. न पाहता एकामागून एक दोन मोजे काढले. दोन्ही एकाच रंगाचे असण्याची संभाव्यता काढा."

"यात एक गोष्ट सांगितलेलीच नाही," ताई म्हणाल्या. "पहिला मोजा परत ठेवला का? त्यावर उत्तर बदलतं."

"ठेवला ना," ग्रंथपाल म्हणाले. "सभ्य माणूस काढलेली वस्तू परत ठेवतोच."

स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण आपटलं. "कोण ठेवतो?"

"अगं, मोज्यांचं चाललंय."

"मीही मोज्यांचंच बोलतेय."

"मागे कोण आहे?" ताईंनी विचारलं.

"आई," लेक म्हणाली. "तिचं म्हणणं, परत ठेवत नाहीत."

"पुस्तकात तसं कुठे लिहिलंय?" ग्रंथपाल म्हणाले.

"पुस्तक लिहिणाऱ्याला तुमच्याबरोबर महिनाभर संसार करू दे, मग लिहील."

ताईंनी हसू दाबलं. "काका, वाद नको. खरेच दहा मोजे घेऊन बसा, म्हणजे तिला समजेल."

ग्रंथपालांनी उत्साहाच्या भरात आपला अख्खा खणच उपसून टेबलावर, कॅमेऱ्यासमोर आणून ठेवला. त्यातून मोजे निघाले नऊ, आणि एकाचाही जोडीदार नाही. शिवाय एक पेचकस, वाचनालयाचा शिक्का आणि बायकोचा चष्मा निघाला.

"हा चष्मा मी पावणेदोन महिने शोधतेय," ती हात पुसत बाहेर आली.

"म्हणजे बघ, मी परत ठेवला होता."

"जन्मात एकदा ठेवलात, तोही मोज्यांत."

दहा भरायला तिने दोरीवरचा एक ओला मोजा आणून खणात टाकला. चॉकलेटी मोज्याला निळा म्हणायचं ठरलं. करड्यांना काळा म्हणायला ग्रंथपालांनी थोडी घासाघीस केली.

"हं, आता लिहून घे," ताई लेकीला म्हणाल्या. "परत ठेवला असेल, तर उत्तर तेरा छेद पंचवीस. आणि परत न ठेवता..."

लॅपटॉपने टुंग केलं.

"चार्जर," लेक म्हणाली.

तिघांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे चार्जर नव्हता.

"अहो, चार्जर कुठंय?"

"टेबलावर."

"कुठल्या टेबलावर?"

ग्रंथपालांनी खण उचलून पाहिला, वही उचलून पाहिली, मग टेबलाखाली वाकले. ते खाली असतानाच पडदा काळा झाला. वर आल्यावर टेबलाची कड डोक्याला लागली, पण कुणी विचारपूस केली नाही.

लेकीचे डोळे भरून आले होते. तिने खणातून एक मोजा काढला आणि बाजूला टाकला. तो परत खणात ठेवायला बाबांनी हात पुढे केला. (वेळ साधणं ही त्यांची खासियत.)

"हात लावू नका," ती म्हणाली आणि थांबली. "खणात आता नऊच उरले ना? निळा गेला, म्हणजे नवात तीन निळे. काळा गेला असता, तर नवात पाच काळे." ती भराभर लिहू लागली. आई तिच्या मागे उभी राहिली, सापडलेला चष्मा लावून. बाबांनी हात मागे घेतला. कुणालाच काही न विचारता तिने उत्तर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने फळ्यावर 'सात छेद पंधरा' लिहिलं. मोजा परत ठेवलेला नाही हे कशावरून, असं बाईंनी विचारल्यावर तिने सांगितलं, "मोजे बाबांचे आहेत," आणि बाईंनी पूर्ण गुण दिले. त्याच वेळी वाचनालयात चार्जर सापडला. तो ग्रंथपालांच्याच टेबलावर पडलेला होता, म्हणून मदतनीस मावशींनी पाटीवरच्या नियमाप्रमाणे त्यावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवून तो कपाटात जागच्या जागी लावून टाकला होता.