मोदकांच्या ॲपवरचं 'कृपया'

दिगंबरकाकांच्या मोदकांच्या ॲपवर 'कृपया' हा शब्द सकाळी नव्हता. अस्मिताला तो बारानंतर दिसला. बुधवार पेठेतल्या त्या दुकानात पाट्या पुष्कळ होत्या, पण 'कृपया' एकीवरही नव्हतं. इथे मात्र पहिल्याच पानावर होतं: 'कृपया यावे. दुपारीही दुकान उघडे आहे.'

"आमोद, ॲपमध्ये कोणीतरी शिरलंय," ती म्हणाली.

ॲप लिहिणारा आमोद बाकावर बसून उद्घाटनाचा मोदक खात होता. "कशावरून?"

"काका असं लिहितील?"

आमोदने मोदक खाली ठेवला. ॲपला कुठे भोक राहिलंय ते शोधणं हे अस्मिताचं काम. मालकाच्या खात्याला चाचणीपुरता दिलेला सोपा पासवर्ड बदल, असं ती ॲप बनत होतं तेव्हापासून सांगत होती. "लाँचच्या आधी बदलतो," असं तो म्हणायचा. आज लाँच झालं, नारळही फुटला, पासवर्ड तोच होता.

"काय होता पासवर्ड?" काकांनी विचारलं.

"मोदक एकवीस," आमोद पुटपुटला.

"आणि याला तुम्ही कुलूप म्हणता."

एक वाजला. काका शटर ओढायला गेले, तर दारात रांग.

"एक ते चार बंद," काकांनी सांगितलं.

पुढच्या बाईंनी मोबाइल दाखवला. "अहो, उघडं आहे असं लिहिलंय की."

"ते मी लिहिलेलं नाही."

"तरीच. म्हटलं, एवढं गोड कसं."

मागे अस्मिताने लॅपटॉपवरून मान वर केली. "सूचना दुकानाच्याच वायफायवरून बदललीय. बाहेरचं कोणी नाही."

सगळ्यांनी काउंटरकडे पाहिलं. हेमाकाकू शांतपणे केळीच्या पानात मोदक बांधत होत्या.

"मीच," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून सांगतेय, दुपारी उघडं ठेवा. तुम्ही आपले 'विचार करतो'. ॲपने एका बोटात ऐकलं."

"पण तुला पासवर्ड कुणी सांगितला?"

"सांगायचं काय त्यात? मोदकांचं दुकान. आधी अकरा टाकून पाहिलं, मग एकवीस."

अस्मिताने आमोदकडे नुसतं पाहिलं. तो घाईघाईने पासवर्ड बदलायला बसला.

"काका, सूचनाही काढून टाकू?"

काकांचा हात शटरवरच होता. रांग शेजारच्या पुस्तकांच्या दुकानापर्यंत गेली होती. काकू पुढचं पान पुसायला लागल्या. त्यांनी वर पाहिलं नाही. काकांनी शटर पुन्हा वर ढकललं.

"त्यातलं 'कृपया' तेवढं काढ," ते म्हणाले. "दुकान दुपारी उघडं राहील. रोज."