हत्तीचे मागचे पाय

मी लिहायला बसलो आहे, याबद्दल वाचकांनी आधी मला क्षमा करावी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. लिहिण्याचं म्हणाल, तर आजोबांनी होडीवर तिचं नाव रंगवलं होतं, तेही दुसऱ्याकडून. शिवाय एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर त्याला समोरून नीट पाहिलेलं असावं, असं मला वाटतं. माझी अडचण अशी, की ज्यांच्याबद्दल मला सांगायचं आहे त्या जोमाकाकांना मी सर्वांत जवळून पाहिलं ते पाठीमागून. एका हत्तीच्या पोटात. ते पुढचे पाय होते आणि मी मागचे.

जोमाकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. बेलापूरच्या खाडीकाठी आमचं गाव, आणि त्यांची आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. काका मिठागरावर कामाला जातात. अंगाने किडकिडीत, उन्हाने रापलेले, आणि डोळे सतत काहीतरी शोधत असलेले. कारण काकांना कोणतीही वस्तू ती वस्तू म्हणून दिसतच नाही. मोडकी छत्री दिसली की ते थांबतात, ती उघडतात, मिटतात, मान वाकडी करून बघतात आणि म्हणतात, "ह्यात जनावर हाय."

मग त्या छत्रीचा शिमग्याला मोर होतो.

एकदा आम्ही एका नातेवाइकाच्या बाराव्याला तळोज्याकडे गेलो होतो. सगळे गप्प बसलेले. काका पुढच्या पडवीत टांगलेल्या फाटक्या जाळ्याकडे एकटक बघत होते. घरच्यांना वाटलं, माणूस किती दुःखात आहे. निघताना काकांनी घरधन्याचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "ता जालां देतंस का? त्यात आस्वल हाय."

रखमाकाकूचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, या सगळ्यावर राग आहे. "बाकीच्यांचे घरान उंदीर सुपं कुरतडतान," ती माझ्या आईला सांगते, "माजे घरान सुपांना कान फुटतान." पण होळी जवळ आली की चिंचोक्यांची खळ तीच शिजवते, आणि ती पातळ झाली तर काकांच्या आधी तीच ओरडते.

आमच्याकडे शिमग्याला सोंगं निघतात, हे खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको. होळी पेटली की दुसऱ्या दिवसापासून ढोलकी घेऊन सोंगं दारोदार जातात, नाचतात आणि पोस्त मागतात. कोणी पुरणाची पोळी देतं, कोणी नारळ. बाकीची पोरं तोंडाला काजळी फासून मोकळी होतात. काकांचं तसं नाही. दिवाळीचा कंदील उतरला की त्यांचं जनावर ठरतं, आणि घरातल्या कोणी काय व्हायचं तेही तेच ठरवतात. माझे वडील कायम ढोलकीवर. एका वर्षी रखमाकाकू कासव झाली होती. "मना पाठीवर बसवू नका म्हंजे झालां," एवढीच तिची अट होती.

काकांचे नियम दोन. जनावराच्या आत गेल्यावर बोलायचं नाही. आणि कोणी विचारलं तरी नाव सांगायचं नाही. "सोंगाला नाव नसतां," ते म्हणतात. हे अर्थात त्यांनी काढलेलं नाही, आमच्याकडची रीतच आहे. दारात आलेल्या सोंगाला कोणी नाव विचारत नाही आणि हाकलूनही देत नाही. या रीतीवर काकांचं काय अवलंबून आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

काकांना एकच बहीण, हिराआत्या. ती रांगत होती तेव्हा त्यांची आई गेली. काकांनी तिला घोडा होऊन वाढवलं असं माझी आई म्हणते. ती जेवेना की घोडा, झोपेना की घोडा. पुढे ती खाडीपलीकडे, उरणच्या वाटेवरच्या एका गावात दिली. लग्न आमच्याच मांडवात लागलं. पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली आणि आत्या रडायला लागली ती थांबेना. काकांना ते बघवेना. ते आत गेले आणि बाहेर आले ते आत्याचे सासरे होऊन! तसंच पागोटं, तशीच काठी, काथ्याची भरघोस मिशी. सासऱ्यांना, म्हणजे चांगूबाबांना, प्रत्येक वाक्याआधी दोनदा घसा खाकरायची सवय आहे. काका आत्यासमोर उभे राहिले, काठी आपटली आणि म्हणाले, "अहं... अहं... सूनबाय, रडाचं नाय. अहं... आमचे घरान पानी खारां हाय, आजून खारां करू नको."

आत्या रडता रडता हसली. सगळा मांडव हसला. फक्त काकांच्या मागे उभे असलेले चांगूबाबा हसले नाहीत.

"जोमा," ते म्हणाले. त्या एका वाक्याआधी त्यांनी घसा खाकरला नाही असं म्हणतात. "तुजा तोंड माजे दारान दिसता कामा नये."

झालं. शब्द गेला तो गेला. काकांनी माफी मागायला माणसं पाठवली, ती चहा पिऊन परत आली. आत्याला माहेरी पाठवणं बंद झालं. भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळू लागली, जसं भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात. एकदा माझे वडील मुद्दाम त्या दिवशी गेले, तर तिने त्यांना फराळ दिला, पण ओवाळलं नाही. "तुमी रागावू नका," ती म्हणाली. "पन पाट जोमादादाचा हाय."

हे काकांच्या कानावर आलं. "मी जित्ता हाय," ते मग म्हणाले, "आनि ती चांदोबाला ओवालतेय."

पण त्याच वर्षी शिमग्याच्या तोंडावर काका आनंदाने उडत आमच्या घरात आले. "तोंड दिसता कामा नये असा बोल्लाय ना म्हातारा?" ते वडिलांना म्हणाले. "माजा तोंड. आस्वलाचा तोंड दिसला तर त्याची काय हरकत?"

तेव्हापासून दरसाल जनावर खाडी ओलांडतं. अस्वल गेलं, मोर गेला, मगर गेली. मगर दारात मावेना म्हणून तिरकी करून अंगणात घेतली. दरसाल आत्या पोळी भरवते आणि दरसाल जनावर न बोलता परत येतं. आत्याला कळतं की नाही, याबद्दल आमच्या घरात दोन मतं होती. काकांचं मत ठाम होतं. "कसां कलंल? मगर किती खरी व्हती!"

मी कॉलेजात गेलो त्या वर्षी हत्ती ठरला. मी होळीच्या सुट्टीत घरी आलो तर अंगणात बांबूच्या कामट्यांचा सांगाडा उभा होता. त्यावर मिठागरावरची फाटकी गोणपाटं शिवलेली, त्यांना काजळी आणि चुना फासलेला. कान सुपांचे. दात दोन पांढऱ्या दुधींचे. सोंड म्हणजे जुन्या डगल्याची बाही, म्हणजे आत हात घालून काकांना ती हलवता येणार.

"कालेजात काय शिकलास?" काकांनी विचारलं.

मी इतिहास, तर्कशास्त्र वगैरे सांगू लागलो.

"वाकून चालाला शिकलास?"

मी नाही म्हणालो.

"मंग शिक. तू मागचे पाय."

असं माझं शिक्षण सुरू झालं. मी कमरेत वाकायचं, दोन्ही हातांनी काकांची कंबर धरायची, आणि ते ज्या पायाने निघतील त्याच पायाने निघायचं. पहिल्या दिवशी हत्ती मधोमध दुमडला. दुसऱ्या दिवशी पुढचा हत्ती विहिरीकडे गेला आणि मागचा गोठ्याकडे. रखमाकाकू ओट्यावर हसून हसून बसली. तिसऱ्या दिवशी हत्ती नीट चालला, तर गावातली सगळी कुत्री एकदम भुंकली. काका एवढे खूश झाले की त्यांनी कुत्र्यांना भाकरी घातली. "त्यांना पटलां," ते म्हणाले.

हाशा तरीवाल्याने आम्हांला खाडीपार नेलं. हत्तीचं मुंडकं पुढे नाळेवर ठेवलं होतं. हाशा ते बघून म्हणाला, "जोमा, तुजे परीस शाना दिसतंय ह्यो. ह्यालाच वल्हवाला बसव." काका हसले नाहीत. मुंडक्याचे कान पुन्हा पुन्हा तपासत होते. पलीकडचा किनारा जवळ आला की ते दरसाल असे होतात, असं वडील मला कानात म्हणाले.

त्या दारात काय घडलं ते मी पाहिलं नाही. मला फक्त काकांची पाठ, गोणपाटाचा अंधार आणि माझे स्वतःचे पाय दिसत होते. घाम आला की गोणपाटातलं जुनं मीठ अंगाला झोंबत होतं. म्हणून मी जे ऐकलं तेच सांगतो.

आधी पोरांचा गलका झाला. "हत्ती! हत्ती आयला!" मग ढोलकी वाजू लागली. मग जवळून घसा खाकरल्याचा आवाज आला आणि माझ्या हातांखालची काकांची कंबर ताठ झाली.

"अहं... अहं... कवरा मोठा हत्ती! खातो काय ह्यो?"

"पोली खातो," एका बाईचा आवाज आला. "मना ठावं हाय."

कांकणं वाजली. हत्ती थांबला. आत्याने सोंडेत पोळी ठेवली होती, आणि बाहीच्या आतली काकांची बोटं धरली होती. हे काकांनी मला नंतर होडीत सांगितलं. मला तेव्हा एवढंच कळलं की काकांची कंबर थरथरते आहे, आणि ती थंडीची थरथर नाही. त्यांचा श्वास अडकत होता, सुटत होता. बाहेर पोरं ओरडली, "हत्ती हालतंय बघ!"

मला दुसरं काही सुचलं नाही. मी मागचे पाय नाचवायला सुरुवात केली. आपटले, उडवले, शेपटीची दोरी गरगर फिरवली. सगळं अंगण हसायला लागलं. पुढचा हत्ती रडतोय हे मागचा हत्ती नाचल्यामुळे कोणाला दिसलं नाही, असं मला वाटतं.

पण माझा नाच जरा जास्त झाला असावा. दुधीचा एक दात सुटून लोंबू लागला, आणि अंगणातल्या शेळीने तो ओढला, असं वडिलांनी नंतर सांगितलं. दाताबरोबर कान आला. सूप खाली पडल्याचा आवाज झाला आणि हत्तीच्या पोटात एकदम ऊन आलं.

ढोलकी थांबली. जिथे कान होता तिथे आता मोठं भोक होतं, आणि भोकात काकांचं तोंड.

काठीचा आवाज जवळ आला. घसा अगदी कानाशी खाकरला गेला, एकदा, दोनदा. मग सूप घासल्याचा आवाज आला, आणि आत पुन्हा अंधार झाला. कोणीतरी बाहेरून सुतळीची गाठ मारत होतं.

"कान घट बांधीत जा," चांगूबाबा म्हणाले. "आत वारा जातो."

येताना होडीत काका मुंडकं मांडीवर घेऊन बसले होते. "बघितला त्यानं," ते म्हणाले.

"पण काका, कान त्यांनीच बांधला ना?" मी म्हणालो.

"राग आल्यावर मानूस दरवाजा लावतो ना? तसा लावला." त्यांनी उरलेला दात काढून खाडीत टाकला. "आता जनावरालाही दार बंद."

मी कॉलेजात परत गेलो. पावसाळ्यात गौरी-गणपतीला घरी आलो तेव्हा काकांनी मखर केलं नव्हतं, बाजारातून कागदी माळा आणल्या होत्या. दिवाळीला आलो तर आमच्या घरी मी आणि वडील कंदील बांधत होतो, आणि काका ओट्यावर नुसते बसले होते. पलीकडून चांगलं नाही की वाईट नाही, काहीच कळलेलं नव्हतं.

त्या दिवशी रखमाकाकू घरातून एक मोडकी छत्री घेऊन आली. तिच्या चार काड्या बाहेर आल्या होत्या, कापड लोंबत होतं. इतकी सुंदर मोडलेली छत्री मी पाहिली नव्हती. काकूने ती मुद्दाम मोडली होती की काय, कोण जाणे. तिने ती काकांच्या समोर ठेवली.

"बगा तरी," ती म्हणाली. "ह्यात कायतरी आसंल."

काकांनी छत्री उचलली. उघडली. मिटली. मी कंदिलाचा कागद हातात धरून थांबलो होतो.

"छत्री हाय," काका म्हणाले, आणि खाली ठेवली.

काकूने छत्री परत उचलली. ती आत निघाली तेवढ्यात खाडीवरून हाक आली. हाशाची होडी अजून मधल्या पाण्यात होती, पण त्याला किनाऱ्यापर्यंत दम निघत नसावा. तो उभा राहून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होता. वाऱ्याने निम्मं उडून जात होतं.

"जोमाऽऽ! म्हाताऱ्यानं बोलावलाय!"

काका उठून धक्क्यापर्यंत पळाले. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे वडील, आणि हातात छत्री घेऊन रखमाकाकू.

"कोनाला?" काका ओरडले. "हत्तीला?"

"नाय रंऽऽ! तुना!" हाशाची होडी त्या ओरडण्याने डुलत होती. "भाऊबीजेला ये म्हनतो! हिरीनं पाट मांडलाय!"

"पन त्यानं सांगितलां व्हतां ना, तोंड..." काकांचा आवाज पाण्यापर्यंतही पोचला नाही. पण हाशाला प्रश्न माहीत असावा. त्याने आधी दोनदा घसा खाकरला, हुबेहूब, आणि मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असा निरोप दिला.

"जनावर आनू नको म्हनतोऽऽ! तोंड घेऊन ये म्हनतो!"