आंद्रेने चिकटवलेली रांगोळी

आमच्या शेजारच्या आंद्रेला सरळ रेषेचा भयंकर राग. फ्रेंच माणूस, पेशाने पेंटर, वय पंच्याहत्तरच्या पुढे. तरुणपणी पॅरिसला चित्रकला रीतसर शिकला आणि तेव्हापासून ती विसरायच्या मागे लागलाय. रंगात डांबर काय कालवतो, वाळू काय! कोणाचं चित्र छान आहे म्हटलं की आधी विचारतो, "शिकलाय का?" हो म्हटलं की तोंड फिरवतो. "मग गेला तो कामातून."

उन्हाळ्यात आई नागपूरहून अमेरिकेत आमच्याकडे नेपरव्हिलला आली आणि आमच्या दारात रोज रांगोळी काढू लागली. रांगोळीत आईचा हात मुळीच बसलेला नाही. आपली गाय कुत्र्यासारखी दिसते, हे ती स्वतःच सांगते. आंद्रे मात्र खुळावला. "कुठे शिकलात?"

"कुठे नाही हो भाऊ, आपलं असंच."

झालं! त्या दिवसापासून आई त्याच्या लेखी थोर कलावंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई झाडू घेऊन ती गाय पुसायला गेली, तसा हा ड्रेसिंग गाऊनवरच धावत आला. "थांबा! मास्टरपीस आहे तो!"

"अहो, कालची शिळी रांगोळी ठेवतात का कुणी दारात?" आई मराठीत, तो इंग्रजीत, मध्ये मी.

मग एका सकाळी रांगोळी निघेचना. झाडू झाला, पाणी झालं, घासणी झाली. पठ्ठ्याने गुपचूप वरून व्हार्निश मारलं होतं! आई पदर खोचून तरातरा त्याच्या घरी भांडायला निघाली. मी मागोमाग.

आत टेबलाशी त्याची बायको रूथ बसली होती. तिचं विसरणं फार वाढलंय, एवढं मला ठाऊक होतं. भिंतभर तिने काढलेल्या रेघोट्यांचे कागद चिकटवलेले. आंद्रे हळूच म्हणाला, "महिना झाला, तिने पेन्सिल धरली नाही. माझं नावही घेत नाही. आता कुणी काही पुसायला लागलं की मला भीतीच वाटते."

मी आईला मराठीत सांगितलं. तिचा राग कुठल्या कुठे पळाला. मला पिटाळून रांगोळीचा डबा आणवला, रूथशेजारी खुर्ची ओढली आणि तिच्या चिमटीत रांगोळी दिली. "काढ गं बाई. मला तरी कुठे येतं?"

रूथने चिमटीतली रांगोळी चोळून पाहिली. मग टेबलावर एक वेडावाकडा गोल आला. दोन डोळे. दोन भलेमोठे कान. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "आंद्रे."

हुश्श!

आंद्रेने वाकून नीट बघितलं, स्वतःचे कान चाचपले. "इतके मोठे नाहीत काही माझे कान," म्हणाला, आणि टेबलाला धरून हमसून हमसून रडला.